गाडीचा रंग मेटॅलिक घ्यावा की नॉन-मेटॅलिक? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी ठरते, व्हेरियंट ठरतं, आणि बुकिंगच्या कागदावर रंगाच्या रकान्यापाशी घोडं अडतं. खालचे प्रश्न लोक त्याच टप्प्यावर पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तरं सुटी वाचली तरी चालतील. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण ती पुढे वारंवार येणार आहे. धूळ, ओरखडे, ऊन या रोजच्या बाबतीत रंग फिकट आहे की गडद, यानेच जास्त फरक पडतो. मेटॅलिक असण्या-नसण्याचा खरा फरक कळतो तो गाडी कुठे घासली आणि एखादा भाग रंगवायची वेळ आली की.

1. मेटॅलिक आणि नॉन-मेटॅलिक रंगात नेमका फरक काय?

रंगद्रव्य दोन्हींत असतं. मेटॅलिकमध्ये त्याच्या जोडीला ॲल्युमिनियमचे चपटे कण मिसळलेले असतात. एकेक कण साधारण 10 ते 30 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद आणि जाडीला एक मायक्रॉनच्याही आत असतो. रंग बसताना हे कण पत्र्याला समांतर आडवे पडतात आणि बारीक आरशांसारखा उजेड परतवतात. म्हणून समोरून पाहिलं तर रंग उजळ दिसतो आणि तिरकं पाहिलं की गडद. दरवाजावरची धार किंवा बॉनेटचा उभार मेटॅलिकमध्ये उठून दिसतो तो यामुळेच. नॉन-मेटॅलिक, म्हणजे शोरूमवाले ज्याला 'सॉलिड' म्हणतात तो, कुठूनही पाहा, जवळपास सारखाच दिसतो.

2. नुसतं बघून रंग मेटॅलिक आहे हे कसं ओळखायचं?

गाडी उन्हात असेल तर हातभर अंतरावरून बघा, बारीक ठिणग्यांसारखे ठिपके चमकताना दिसतील. सावलीत असेल तर मोबाइलचा टॉर्च पत्र्याजवळ धरा. सॉलिड रंगात टॉर्चचं प्रतिबिंब दिसेल, पण त्याच्याभोवती कण दिसणार नाहीत. गडद निळा, गडद राखाडी आणि काळा या रंगांत टॉर्चशिवाय फसायला होतं.

3. पर्ल, मायका, क्रिस्टल ही नावं असतात ती मेटॅलिकच का?

जवळची मंडळी, पण तीच नव्हेत. पर्ल किंवा मायका रंगात अभ्रकाचे कण असतात आणि त्यांच्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा किंवा लोहाच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवलेला असतो. उजेडाचा काही भाग या थराच्या वरून परततो, काही आत जाऊन परततो, आणि त्यातून रंगाची झाक बदलल्यासारखी दिसते. ॲल्युमिनियम नुसतं चमकतं, अभ्रक झाक बदलतं. बऱ्याच रंगांत दोन्ही एकत्र असतात.

पर्ल पांढरा बहुतेक वेळा तीन थरांत मारलेला असतो: खाली साधा पांढरा, त्यावर मोतिया झाकेचा अर्धपारदर्शक थर आणि सगळ्यात वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक संरक्षक थर. काही गडद झळाळते लालही तीन थरांचे असतात. दिसायला यांना तोड नाही, पण दुरुस्तीला हेच सगळ्यात अवघड (प्रश्न 10). 'क्रिस्टल', 'प्रीमियम' यांसारखी नावं कंपनीने ठेवलेली असतात. त्यांवरून रंगात काय आहे ते ठरवू नका. विक्रेत्याला सरळ विचारा, हा रंग दोन थरांचा की तीन?

4. मेटॅलिक रंग जास्त टणक असतो, जास्त टिकतो, हे खरं का?

नाही. गाडीवरचे थर खालून वर असे असतात: पत्र्यावर रासायनिक प्रक्रिया, मग गाडीचा सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या मदतीने चढवलेला गंजरोधक थर, मग प्रायमर (रंग नीट धरावा म्हणून दिलेला थर), मग रंगाचा बेस कोट आणि शेवटी पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून कारखान्यातली जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरते. ऊन, पाऊस, धूळ, पक्ष्यांची विष्ठा हे सगळं अंगावर घेतो तो 40-50 मायक्रॉनचा क्लिअर कोट. खाली मेटॅलिक आहे की सॉलिड, याच्याशी त्या क्लिअर कोटच्या टणकपणाचा काही संबंध नाही.

हा समज जुन्या काळातून आला आहे. पूर्वी सॉलिड रंग एकाच थरात मारत, त्यावर क्लिअर कोट नसे. उन्हात काही वर्षं काढली की अशा गाडीवर खडूसारखी पूड धरायची. मेटॅलिकवर मात्र क्लिअर द्यावाच लागे, म्हणून ते टिकाऊ वाटत. आता बहुतेक सॉलिड रंगांवरही क्लिअर कोट असतो. काही साध्या पांढऱ्या किंवा लाल शेड अजूनही एका थरात येतात. खात्री करायची असेल तर दरवाजाच्या आतल्या कडेला, जिथे सहसा कुणाचं लक्ष जात नाही, पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन हलक्या हाताने चोळा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर वर क्लिअर नाही.

5. मेटॅलिकमध्ये धातू असतो, मग गंज लवकर लागतो की उशिरा?

दोन्ही नाही. ते कण रंगाच्या आत पूर्ण बंद असतात, त्यांचा पत्र्याशी संबंध येत नाही. गंज अडवतो तो सगळ्यात खालचा थर आणि पत्र्यावर असेल तर जस्ताचा मुलामा. चरा पत्र्यापर्यंत गेला असेल, तर रंग कोणताही असो, लवकर बुजवा.

6. मेटॅलिकसाठी जास्त पैसे का मागतात?

कणांचा खर्च असतो, ते एकसारखे पडावेत म्हणून फवारणी जास्त काटेकोर ठेवावी लागते, आणि तीन थरांच्या रंगात एक फेरी वाढते. पण खरं सांगायचं तर बराचसा भाग हा लोक द्यायला तयार असतात म्हणून लावलेला असतो. पुरावा हवा असेल तर सध्याचे सपाट राखाडी, मातकट हिरवे असे रंग बघा. त्यांत एकही चमकता कण नसतो, तरी काही कंपन्या ते 'स्पेशल' म्हणून जादा दराने विकतात. त्यामुळे किमतीवरून रंगाचा प्रकार किंवा दर्जा ओळखायला जाऊ नका.

7. धूळ आणि ओरखडे कोणत्या रंगावर कमी दिसतात?

चंदेरी आणि मध्यम राखाडी मेटॅलिक यात सगळ्यांत पुढे. बारीक चरे गाडी पुसताना पडतात. ते एरवी दिसत नाहीत, पण उजेड पडला की कोळ्याच्या जाळ्यासारखे गोलाकार उमटतात. चंदेरी रंगात कणांची चमक आधीच इतकी असते की डोळ्याला ते चरे वेगळे काढता येत नाहीत.

सॉलिड काळा याच्या अगदी उलट. धुऊन पुसून उभी केलेली काळी गाडी पाहण्यासारखी असते यात वाद नाही, पण तिच्यावर तासाभराची धूळही दिसते आणि कोरड्या फडक्याचा प्रत्येक हातही. पत्र्यावरचा पोचा, रंगाचा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत पोत, सगळं उघडं पडतं. काळाच हवा असेल तर मेटॅलिक काळा घ्या, बारीक चरे त्यात थोडे झाकले जातात. सॉलिड पांढऱ्यावर चरे जवळजवळ दिसत नाहीत, पण चाकामागचा चिखल आणि डांबराचे ठिपके लगेच दिसतात.

8. मेटॅलिक गाडी उन्हात जास्त तापते का?

तापणं रंग किती गडद आहे यावर ठरतं. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनी 2011 मध्ये एकाच मॉडेलच्या दोन गाड्या, एक काळी आणि एक चंदेरी, उन्हात शेजारी उभ्या करून मोजमाप केलं. चंदेरी गाडीचं छत काळीपेक्षा कमाल 25 अंश सेल्सिअसने थंड होतं आणि आतली हवा 5 ते 6 अंशांनी. म्हणजे चंदेरी मेटॅलिक पांढऱ्याच्या गटात बसतो, आणि गडद मेटॅलिक काळ्याच्या. गडद रंगच आवडत असेल तर फक्त छत पांढरं असलेली दोन रंगांची गाडी हा चांगला मधला मार्ग आहे, कारण ऊन सगळ्यात जास्त छतावरच पडतं.

9. ऊन लागून कोणता रंग लवकर उडतो?

लाल रंगाची ही जुनी तक्रार, आणि ती खोटी नव्हती. लाल रंगद्रव्यं अतिनील किरणांपुढे फार टिकत नसत, आणि क्लिअर कोटचं संरक्षणही तेव्हा नसे. आताची रंगद्रव्यं सुधारली आहेत आणि क्लिअर कोटमध्ये अतिनील किरणं शोषणारी रसायनं असतात.

आजच्या गाड्यांवर खरं दुखणं वेगळं आहे: क्लिअर कोटच निकामी होऊन त्याचे पोपडे निघणं. छत आणि बॉनेटवर ते आधी दिसतं. एकदा पोपडे सुटले की पॉलिशने काही होत नाही, तो भाग पुन्हा रंगवावाच लागतो. हे सॉलिड आणि मेटॅलिक दोन्हींवर होतं. एका थरातला जुना सॉलिड रंग मात्र पांढुरका पडला तरी वरचा मेलेला थर रबिंग करून काढला की खालून ताजा रंग निघतो. जुन्या सॉलिड गाड्यांची ही मोठीच सोय होती.

10. गाडी घासली तर मेटॅलिक रंग जुळत नाही म्हणतात. खरंच इतका त्रास असतो का?

असतो, आणि निवड करताना सगळ्यात जास्त विचार याचाच व्हावा असं मला वाटतं.

सॉलिड रंगात पेंटरला एकच गोष्ट जुळवायची असते, ती म्हणजे शेड. मेटॅलिकमध्ये शेडबरोबर कण कसे पडले हेही जुळावं लागतं, आणि ते हातावर असतं. फवारणीच्या गनचा दाब, पत्र्यापासूनचं अंतर, थिनर, त्या दिवशीची उष्णता, सगळ्याचा परिणाम होतो. हात ओला पडला तर शेड गडद येते, कोरडा पडला तर फिकट. डबा तोच, माणूस तोच, तरी सकाळचा दरवाजा आणि संध्याकाळचा दरवाजा वेगळा दिसू शकतो.

चांगला पेंटर काम कसं करतो ते एकदा उभं राहून बघण्यासारखं आहे. कोडप्रमाणे रंग ग्रॅममध्ये तोलून मिसळला की तो थेट गाडीवर मारत नाही. आधी एका पत्र्याच्या कार्डावर मारतो, वाळवतो, त्यावर क्लिअर मारतो. मग गाडीचा जुना भाग पॉलिश करून स्वच्छ करतो, कार्ड त्याला टेकवून उजेडात धरतो आणि तीन जागांवरून बघतो: अगदी समोरून, थोडं बाजूला सरकून, आणि गाल पत्र्याला लागेल इतकं वाकून. समोरून जुळलेलं कार्ड तिरक्या नजरेत काळपट निघालं, तर तो दुसरं कार्ड घेतो.

एवढं करूनही तो शेजारच्या भागावर रंग 'ब्लेंड' करतो. म्हणजे दरवाजा रंगवायचा असेल तर बेस कोट पुढच्या फेंडरवर (चाकावरच्या पत्र्यावर) आणि मागच्या दरवाजावर विरळ करत नेतो आणि त्या पूर्ण भागांवर क्लिअर मारतो. जुना आणि नवा रंग कुठे मिळाला ते मग डोळ्याला सापडत नाही. साहजिकच काम आणि खर्च दोन्ही वाढतात. सॉलिडमध्ये बऱ्याचदा दरवाजाच्या फटीपाशीच थांबता येतं.

सगळ्यात कठीण कोणते? तीन थरांचे पर्ल, त्यानंतर चंदेरी, सोनेरी, बेज असे फिकट मेटॅलिक. यांत रंगद्रव्य कमी आणि कण जास्त, त्यामुळे चूक लपायला जागाच नसते. गडद निळा, गडद राखाडी तुलनेने सांभाळून घेतात. गाडी दाटीच्या रस्त्यांवर चालणार असेल, शिकाऊ हातात जाणार असेल किंवा रोज अरुंद जागेत लावायची असेल, तर साधा सॉलिड पांढरा निवडण्यात कसलाही कमीपणा नाही.

11. कलर कोड देऊनही रंग वेगळा आला. गॅरेजवाल्याने फसवलं का?

लगेच तसं समजू नका. कोड दरवाजाच्या चौकटीवर, बॉनेटखाली किंवा डिकीत स्टिकरवर असतो आणि तो बरोबरच असतो. पण एकाच कोडच्या गाड्या वेगवेगळ्या कारखान्यांत, वेगवेगळ्या वर्षी रंगवल्या जातात. रंगाच्या कंपन्या म्हणूनच एका कोडखाली अनेक उपशेड ठेवतात. त्यातली नेमकी कोणती ते नमुना कार्डावरून किंवा अनेक कोनांतून रंग मोजणाऱ्या यंत्राने ठरवायचं असतं. शिवाय तुमची गाडी काही वर्षं उन्हात राहिलेली आहे, तिचा आजचा रंग कोडमधला नाही. गॅरेजला एवढंच विचारा: नमुना कार्ड मारलं होतं का, आणि शेजारच्या भागावर ब्लेंड केलं का? दोन्हीचं उत्तर 'नाही' असेल तर तक्रार रास्त आहे.

12. टच-अपची बाटली आणून घरीच चरा बुजवता येईल का?

सॉलिड रंगात हो, बऱ्यापैकी. मेटॅलिकमध्ये ठिपक्यापुरतं. ब्रशने लावलेल्या रंगात कण आडवे न पडता अस्ताव्यस्त राहतात, म्हणून ती जागा काळपट दिसते. बाटली चांगली दोन-तीन मिनिटं हलवा, कारण कण तळाशी बसलेले असतात. ब्रशऐवजी काडीच्या टोकाने थेंब ठेवा आणि वाळल्यावर दुसरा. लांब चऱ्यावर ब्रश ओढू नका. दगड उडून पडलेला टवका मात्र जरूर भरा. तो अगदी हुबेहूब दिसला नाही तरी गंज थांबतो, आणि हेतू तोच आहे.

13. गाडी कोरी आहे, तरी बंपरचा रंग पत्र्यापेक्षा वेगळा दिसतो. ठोकलेली गाडी दिली का?

फक्त यावरून तसं म्हणता येणार नाही. बंपर प्लॅस्टिकचा असतो, बहुतेकदा वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या तापमानाला रंगवला जातो. कण थोडे वेगळे बसतात आणि चंदेरी-सोनेरी रंगांत ते विशेष जाणवतं. बंपर आणि फेंडर यांचे पृष्ठभाग वेगळ्या कोनात वळलेले असतात, त्यानेही भास होतो. ढगाळ उजेडात पुन्हा बघा. एक बाजू जुळते आणि दुसरी नाही, किंवा फरक दोन दरवाजांमध्ये दिसतोय, तर मात्र ताब्यात घेण्याआधी लेखी विचारणा करा.

14. शोरूममध्ये आवडलेला रंग बाहेर वेगळाच दिसला. बघायचा कसा?

शोरूमचे दिवे कणांना चमकवण्यासाठीच लावलेले असतात. खरी परीक्षा बाहेर: दुपारचं ऊन, सावली आणि दिवेलागणीची वेळ, तिन्ही बघा. मेटॅलिक रंग सावलीत बराच उतरतो, काही शेड तर मातकट होतात. तुमची गाडी दिवसभर कुठे उभी राहणार आहे, तिथला उजेड महत्त्वाचा. छापील पत्रकातला किंवा मोबाइलवरचा रंग पाहून ठरवू नका. त्याच रंगाची रस्त्यावर धावणारी, थोडी मळलेली गाडी शोधा.

15. विकताना मेटॅलिकला जास्त किंमत येते का?

शेड कोणती यावर अवलंबून. पांढरा, काळा, राखाडी, चंदेरी यांना घेणारे भरपूर. जगभर गेली कित्येक वर्षं सगळ्यात जास्त खपणारा रंग पांढराच आहे. भडक रंगाची गाडी विकली जाते, पण तो रंग हवा असणारा माणूस भेटेपर्यंत थांबावं लागतं. जादा दिलेले पैसे परत मिळतील या आशेवर मेटॅलिक घेऊ नका. डोळ्यांना आवडतो म्हणून घ्या.

16. मेटॅलिकला वेगळं पॉलिश किंवा वेगळी काळजी लागते का?

नाही. तुम्ही पुसता तो क्लिअर कोट, आणि तो बहुतेक वेळा दोन्हींवर असतो (प्रश्न 4). पक्ष्याची विष्ठा दिसताच पाण्याने भिजवून काढा, उन्हात ती क्लिअरमध्ये ठसा उमटवते. दरवेळी कंपाउंडने (घासून चमक आणणाऱ्या लेपाने) रबिंग करून घेऊ नका, प्रत्येक वेळी क्लिअर थोडा झिजतो आणि तो परत वाढत नाही.

17. मॅट रंग यातल्या कशात मोडतो?

मॅट हा क्लिअर कोटचा प्रकार आहे, खाली मेटॅलिकही असू शकतो. मॅट क्लिअरला पॉलिश करता येत नाही, चोळलं की तिथे चमकदार डाग पडतो. एक चरा म्हणजे सहसा पूर्ण भाग पुन्हा रंगवणं. सांभाळायची तयारी असेल तरच त्या वाटेला जा.

18. जुनी मेटॅलिक गाडी घेतोय. पुन्हा रंगवलेली आहे का ते कसं कळेल?

यात मेटॅलिक तुमच्या बाजूने आहे, कारण दुरुस्ती त्यात लपवणं कठीण. मागच्या दिव्यापाशी उकिडवे बसा आणि गाडीच्या अंगावरून पुढे नजर टाका. समोरून एकसारखे दिसणारे दरवाजे या कोनातून वेगळे दिसू लागतील. काही भागांत कण जाड दिसतात, काही ठिकाणी ढगांसारखे पट्टे. मग रबरांच्या कडा, बिजागऱ्या, बोल्ट यांवर रंगाचे शिंतोडे शोधा.

जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तम. 100 ते 150 च्या आसपासचे आकडे सरसकट येत असतील तर ठीक. एखाद्या भागावर 200-300 मायक्रॉन म्हणजे पुन्हा रंग, आणि त्याहून खूप जास्त म्हणजे आत लांबी (पोचा बुजवायची पुट्टी) भरलेली. प्लॅस्टिकच्या बंपरवर हे यंत्र चालत नाही, आणि ॲल्युमिनियमच्या बॉनेटसाठी त्या धातूवर चालणारं यंत्र लागतं.

19. बंपरमागे रडार असलेल्या गाडीला मेटॅलिक रंगाने अडचण येते का?

कारखान्यातून आलेल्या रंगाने नाही, तो रडार चालेल असा तपासूनच दिलेला असतो. अडचण दुरुस्तीत आहे. समोरच्या गाडीपासून अंतर राखणारी किंवा आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा 77 गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी बंपरमधून आरपार पाठवते. ॲल्युमिनियमचे कण या लहरी अडवतात आणि परतवतात. जुन्या रंगावर आणखी दोन हात मेटॅलिक चढवले, किंवा रडारसमोर लांबी भरली, तर यंत्रणा कमी लांबचं बघू लागते किंवा बंदच पडते. म्हणून बऱ्याच कंपन्या त्या जागी लांबी भरायला मनाई करतात आणि रंगाच्या जाडीला मर्यादा घालतात. अशी गाडी रंगवायला देताना जुना रंग उतरवून मगच नवा मारा असं स्पष्ट सांगा, आणि नंतर रडारचं कॅलिब्रेशन करून घ्या, म्हणजे त्याचं मोजमाप पुन्हा अचूक जुळवून घ्या.

20. सॉलिड गाडी घेतली आणि नंतर मेटॅलिक करून घेतली तर?

करता येते, पण कारखान्यासारखी होणं फार कठीण. दरवाजांच्या आतल्या कडा, बॉनेटची खालची बाजू, डिकीचं तोंड, सगळीकडे जुना रंग राहतो, आणि तिथेही रंगवायचं तर गाडी जवळजवळ पूर्ण खोलावी लागते. नोंदणीच्या कागदावर रंग लिहिलेला असेल तर तोही बदलून घ्यावा लागतो. चमक हवीच असेल तर व्हिनाइल रॅप, म्हणजे पत्र्यावर चिकटवायची रंगीत फिल्म, लावा, तो काढता येतो आणि खालचा मूळ रंग शाबूत राहतो. फक्त एक अट: जिथे रॅप लावायचा तिथला रंग कारखान्यातला किंवा पूर्ण मुरलेला हवा. नुकत्याच रंगवलेल्या दरवाजावर रॅप लावला, तर काढताना त्याच्याबरोबर रंगही निघून येतो.